हात बसेपर्यंत

लॅक्रॉसचा चेंडू तळहातावर घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. आकाराने तो टेनिसच्या चेंडूपेक्षा किंचित लहानच असतो, पण आत पोकळी नसते, सगळा भरीव रबर. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास भरतो, हा १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडासाच हलका. हा चेंडू हाताने फेकायचा नसतो आणि झेलायचाही नसतो. सव्वातीन-साडेतीन फुटांच्या काठीच्या टोकाला एक चौकट असते, चौकटीत जाळी विणलेली असते आणि त्या जाळीला झोळ असतो. झोळात चेंडू झेलायचा, पळताना तो बाहेर उडू नये म्हणून मनगटाने काठी सतत झुलवत राहायची, आणि त्याच झोळातून तो साथीदाराकडे किंवा गोलमध्ये भिरकवायचा.

मैदानावरचा लॅक्रॉस हा दहा-दहा जणांचा, धावपळीचा, धक्काबुक्कीचा खेळ आहे. या प्रकरणात मात्र आपण मैदानाच्या मागे जाणार आहोत. अमेरिकेत बाल्टिमोर, लाँग आयलंड, सिरॅक्यूज या भागांत हा खेळ मुरलेला आहे. तिथे शाळेच्या जिममागे एखादी बिनखिडकीची विटांची भिंत असते, तिच्यासमोर एक मुलगा किंवा मुलगी एकटी उभी असते आणि ठराविक तालात दोन आवाज येत असतात. एक चेंडू विटांवर आपटल्याचा, कोरडा. दुसरा तो जाळीत विसावल्याचा, दबका. या सरावाला तिथे सरळ ‘वॉल बॉल’ म्हणतात. काठी हातात घेतलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षक पहिल्या आठवड्यातच सांगतात, रोज भिंतीवर जा.

का जायचं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे खूप वेळा फेकायला आणि झेलायला मिळतं म्हणून. ते खरं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. भिंतीची खरी गरज पक्क्या हाताला फारशी नसतेच. ती असते कच्च्या हाताला. ते का, हे कळण्यासाठी आधी भिंत नेमकं काय करते ते पाहायला हवं.

चेंडू नियमात बसतो की नाही हे तपासण्याची एक साधी कसोटी आहे. १.८ मीटर उंचीवरून टणक जमिनीवर सोडला की तो १.१ ते १.३ मीटर उसळला पाहिजे. या दोन उंचींच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढलं की वेगांचं गुणोत्तर मिळतं, आणि ते येतं ०.८ च्या आसपास. म्हणजे भिंतीवर आपटलेला चेंडू आपल्या वेगाचा साधारण चार पंचमांश हिस्सा घेऊन परत येतो. आता पाच मीटरवर उभं राहून सेकंदाला १५ मीटर वेगाने चेंडू फेकला, असं धरू. ताशी हिशेबात हे ५४ किलोमीटर झाले, म्हणजे नुकतं शिकलेल्या मुलालाही जमेल इतपत. भिंतीपर्यंत जायला एक तृतीयांश सेकंद लागतो आणि परतायला त्याहून जरासा जास्त. पाऊण सेकंदात चेंडू पुन्हा तुमच्यासमोर हजर.

त्या पाऊण सेकंदात गुरुत्वाकर्षण आपलं काम करतच असतं. चेंडू जाळीतून ज्या उंचीवर सुटला त्याच उंचीवर परत यायला हवा असेल, तर भिंतीवरचा नेम सुटण्याच्या जागेपेक्षा सुमारे दोन फूट वर धरावा लागतो. नवशिका नेम धरतो तो डोळ्यांसमोर. साहजिक चेंडू गुडघ्याशी येतो, काठी घाईने खाली जाते, चेंडू चौकटीला लागून निसटतो, आणि पोराला वाटतं, आपल्याला झेलता येत नाही. चूक फेकण्यात झालेली असते आणि शिक्षा मिळते झेलण्याला. साथीदारासोबत सराव करताना ही गोष्ट ध्यानात येत नाही, कारण आपण वाईट फेकलेला चेंडू दुसरा कुणीतरी वाकून, सरकून झेलतो आणि नीट करून परत देतो. भिंत काहीच नीट करून देत नाही. तुमच्या फेकीची चूक पाऊण सेकंदात तुमच्याच अंगावर येते.

झेलण्याचंही एक गणित आहे. परतणारा चेंडू सेकंदाला १२ मीटर वेगाने येतोय. काठी ताठ धरून तो पाच सेंटिमीटरच्या आत थांबवायचा म्हटलं तर काठीवर जवळजवळ २१ किलो वजनाइतका दाब येतो आणि चेंडू उसळून बाहेर जातो. तोच चेंडू काठी मागे नेत नेत ४० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर दाब पावणेतीन किलोंवर उतरतो आणि चेंडू झोळात बसून राहतो. होळीत कुणी पाण्याने भरलेला फुगा फेकला आणि तो न फोडता झेलायचा असला तर आपण काय करतो? हात पुढे नेतो आणि फुगा हाताला लागताक्षणी हात त्याच्याबरोबर मागे आणतो. लॅक्रॉसची काठी नेमकी तशीच मागे यायला हवी, कानाच्या बाजूने, वरच्या हाताची पकड सैल ठेवून. मुलींच्या लॅक्रॉसमध्ये तर हे जास्तच लागतं. पुरुषांच्या काठीला खोल झोळ चालतो. स्त्रियांच्या काठीत मात्र चेंडूचा वरचा भाग चौकटीच्या कडेच्या वर दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. झोळ उथळ असला की जाळी तुमच्या चुका पोटात घालत नाही. त्यामुळे हातातली नजाकत पाहायची तर मुलींचा वॉल बॉल पाहावा, असं माझं मत आहे.

झेल, एक झुलवणी, पुन्हा फेक, असा एक फेरा साधारण दोन ते तीन सेकंदांत होतो. पडलेले चेंडू उचलायला लागणारा वेळ धरूनही वीस मिनिटांत चारशेच्या घरात फेका आणि तितकेच झेल होतात. संघाच्या दोन तासांच्या सरावात एका खेळाडूच्या वाट्याला एवढे झेल येतीलच असं नाही, कारण तिथे रांगा असतात, सूचना असतात, आपली पाळी यायची असते.

आता कच्च्या हाताकडे वळू.

लॅक्रॉसमध्ये बचाव करणाऱ्याला तुमच्या काठीवर काठी मारण्याची मुभा असते. त्याच्या हातात सहा फुटांची लांब काठीही असू शकते. त्यामुळे चेंडू असलेली काठी नेहमी त्याच्यापासून लांबच्या बाजूला, स्वतःच्या अंगाच्या आडोशाला ठेवावी लागते. तो उजवीकडून आला तर काठी डावीकडे, डावीकडून आला तर उजवीकडे. ज्याला एकाच बाजूने खेळता येतं, त्याच्या समोरच्याला पाच मिनिटांत ते कळतं. मग तो तुमची चांगली बाजू अडवून उभा राहतो आणि उरलेला सामना तुम्ही अर्ध्या मैदानावर खेळता.

उजव्या हाताच्या माणसाने काठी डाव्या बाजूला घेतली की डावा हात कच्चा पडतो, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात कच्चं पडतं सगळंच. काठी धरायला दोन्ही हात लागतात. वरचा हात दिशा देतो, तळाचा हात काठीचं बूड स्वतःकडे खेचतो आणि या ओढाताणीतून तरफेसारखा वेग येतो. बाजू बदलली की डावा हात वर जातो आणि उजवा तळाशी येतो. जो उजवा हात आयुष्यभर दिशा देत आला, त्याला आता खेचायचं काम करायचं असतं, आणि त्या कामात तोही तितकाच नवखा असतो. पायांचंही तेच. उजव्या बाजूने फेकताना डावा पाय पुढे पडतो, डाव्या बाजूने फेकताना उजवा पडायला हवा. सवयीने पुन्हा डावाच पुढे येतो, कंबर वळत नाही, आणि फेक नुसत्या हातांनी ढकलल्यासारखी निघते. म्हणून कच्च्या बाजूच्या सरावाची सुरुवात मी तरी पावलांपासून करायला सांगेन. काठी बाजूला ठेवून, नुसता दगड फेकल्याचा अभिनय डाव्या हाताने दहा-वीस वेळा केला तरी अंगाला कळतं की वळायचं कुठून.

आता विचार करा, हा कच्चा हात कुणासमोर शिकायचा? साथीदार समोर असला तर तुमच्या प्रत्येक वाकड्या फेकीमागे त्याला पळावं लागतं. तो दोनदा पळतो, तिसऱ्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतं, आणि चौथ्या फेकीला तुम्ही निमूटपणे काठी उजव्या बाजूला घेता. तुम्हाला कुणी रागावलेलं नसतं. नुसत्या भिडेपोटी कच्चा हात कच्चाच राहतो. संघाच्या सरावात हे रोज घडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पाहणाऱ्याला दिसतो तो नीट चाललेला सराव. भिंतीची भीड धरावी लागत नाही. तिच्यापुढे डाव्या हाताने शंभर चेंडू घालवले तरी ते शंभर वेळा आपणच उचलून आणायचे असतात, दुसऱ्या कुणाचा वेळ जात नाही. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात धाकट्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायची पद्धत आहे. तो बाद होत नाही, त्याच्यावर डाव येत नाही, पण तो खेळात असतो. भिंतीसमोर आपला डावा हात असाच कच्चं लिंबू असतो.

उजव्या हाताने शिकलेलं डाव्याला अजिबात मिळत नाही असं मात्र नाही. १८९४ मध्ये येल विद्यापीठात ई. डब्ल्यू. स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की एका हाताला सराव दिला तर सराव न दिलेला दुसरा हातही थोडा सुधारतो. त्याने या गोष्टीला एका हाताकडून दुसऱ्याला मिळालेलं शिक्षण अशा अर्थाचं नाव दिलं आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं त्यावर काम होत राहिलं. चेंडू कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची, झेलताना मागे कधी यायचं, ही समज उजव्याने कमावलेली असली तरी डाव्याला उपयोगी पडते. पण समज पोचली म्हणून हात बसत नाही. हात बसायला त्याच हाताने चेंडू फेकावे लागतात.

इथे खेळाच्या मुळाकडे जायला हवं, कारण दोन्ही हातांनी सारखं खेळणं ही कल्पना या खेळात मुळापासून होतीच असं नाही.

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा होडेनोशोनी संघ त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतो. आजारी माणसाला बरं वाटावं, समाजावरचं अरिष्ट टळावं म्हणून तो खेळला जाई आणि आजही खेळला जातो. मुलाच्या पाळण्यात छोटी काठी ठेवायची आणि माणूस गेला की त्याच्यासोबत त्याची काठी पुरायची, ही त्यांच्याकडची रीत आहे. १६३० च्या दशकात फ्रेंच मिशनरी ज्याँ द ब्रेबफ याने ह्युरॉन लोकांमध्ये हा खेळ पाहून लिहून ठेवला, आणि फ्रेंचांनी काठीला दिलेलं नावच पुढे खेळाला चिकटलं. १८६७ मध्ये माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी नियम छापले आणि हरणाच्या कातड्याच्या चेंडूच्या जागी रबरी चेंडू आणला. भिंतीवरून उसळून परत येणारा चेंडू असा तेव्हापासूनचा.

काठी मात्र पुढची शंभर वर्षं लाकडीच राहिली. हिकरी नावाच्या चिवट झाडाचा ओंडका उभा फाडायचा, वाफ देऊन त्याचं टोक वाकवायचं, महिनोन् महिने वाळू द्यायचं, मग तासायचं आणि त्यावर कातडी व आतड्याच्या दोऱ्यांची जाळी विणायची. सिरॅक्यूजजवळच्या ऑनंडागा भूमीवर अल्फी जॅक्स यांनी वडिलांकडून हे काम उचललं आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते करत राहिले. अशा काठीचं टोक एका बाजूला लाकडाचं, वळलेलं आणि भक्कम असतं. दुसऱ्या बाजूला तातीची विणलेली भिंत असते. तोल एका अंगाला झुकलेला, त्यामुळे डाव्या आणि उजव्या हातात ती सारखी चालत नाही. १९७० मध्ये बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं असलेलं प्लॅस्टिकचं टोक बाजारात आणलं. हलकं, पावसात न फुगणारं, कारखान्यात हवं तितकं बनणारं. या टोकामुळे खेळ झपाट्याने पसरला हे सगळेच सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. हात बदलला तरी काठी बदलल्यासारखी वाटत नाही, हे सुख त्याआधीच्या खेळाडूंना नव्हतं. त्या सुखाची किंमतही मोठी होती. लाकडी काठ्या घडवून पोट भरणाऱ्या घरांचं काम त्या प्लॅस्टिकने पुष्कळसं हिरावून घेतलं.

दोन हातांच्या या आग्रहाला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. कॅनडात १९३० च्या दशकात आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, उन्हाळ्यात बर्फ नसताना, लॅक्रॉस खेळायला सुरुवात झाली. त्याला बॉक्स लॅक्रॉस म्हणतात. गोल लहान, जागा अरुंद, सभोवती फळ्यांचं कुंपण. तिथे खेळाडू आपापली एक बाजू धरून राहतात आणि बहुतेक वेळा हात बदलत नाहीत. बदलायची वेळ आली तर तो चेंडू सरळ पाठीमागून फेकतात. त्या एका हातात इतकं कौशल्य मुरलेलं असतं की दुसऱ्याची उणीव जाणवत नाही. ब्रिटिश कोलंबियातून आलेले गॅरी आणि पॉल गेट हे जुळे भाऊ या मातीतलेच. १९८८ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाकडून खेळताना गॅरीने गोलच्या मागून उडी मारून वरूनच चेंडू आत टाकला, तो गोल आजही लोक सांगतात. ऑनंडागाचे लाइल आणि माइल्स थॉम्पसन हे भाऊही बॉक्सच्या वातावरणात वाढले. २०१४ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन लॅक्रॉसचा सर्वोच्च टेवाराटन पुरस्कार दोघांना विभागून मिळाला आणि पुढच्या वर्षी लाइलला एकट्याला. टेवाराटन हा या खेळासाठीचा मोहॉक भाषेतला शब्द आहे, आणि हा पुरस्कार मूळ रहिवाशांपैकी कुणाला मिळण्याची २०१४ ची ती पहिलीच वेळ होती.

म्हणून दोन्ही हात सारखे करा, हा उपदेश मी जसाच्या तसा देणार नाही. पक्का हात आणखी पक्का करायला पुष्कळ जागा आहेत आणि तिथे तुमचं कौतुकही होतं. कच्चा हात निदान अडचणीत दगा देणार नाही इतका तयार करायला मात्र भिंतीसारखी जागा नाही.

यापुढे त्याची निकड वाढणार आहे. लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये पदकासाठी शेवटचा खेळला गेला तो १९०८ मध्ये लंडनला. त्याआधी १९०४ मध्ये सेंट लुईसला मोहॉक खेळाडूंचाही एक संघ उतरला होता. १९०८ नंतर तीन ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनापुरता आला आणि बाहेरच राहिला. तो परत आला तो मुंबईत. ऑक्टोबर २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळ मंजूर झाले. आपल्या वर्तमानपत्रांचे मथळे अर्थातच क्रिकेटचे होते. त्याच यादीत लॅक्रॉस होता, आणि भिंतीशिवाय ज्याची कल्पनाच करता येत नाही तो स्क्वॉशही होता. होडेनोशोनी संघाला त्यांच्या स्वतःच्या झेंड्याखाली तिथे खेळू द्यावं, ही मागणी तेव्हापासून जोर धरून आहे, आणि ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्यांना ती करावी लागावी याचं मला वाईट वाटतं.

ऑलिंपिकमध्ये जो प्रकार खेळला जाणार आहे तो सहा-सहा जणांचा. मैदान लहान, चेंडू मिळाल्यापासून ३० सेकंदांत गोलवर मारायलाच हवा. गोलरक्षक सोडला तर सगळ्यांच्या काठ्या आखूड. मोठ्या मैदानावर लांब काठी घेऊन फक्त बचाव करणारा खेळाडू खपून जातो. इथे तोच खेळाडू दहा सेकंदांनी समोरच्या गोलजवळ पोचलेला असतो आणि चेंडू कुठल्याही बाजूने त्याच्याकडे येऊ शकतो.

भिंतीवर सराव कसा करावा, यावर शोधायला गेलं तर तयार वेळापत्रकं भरपूर मिळतात. उजव्याने पन्नास, डाव्याने पन्नास, एका हाताने वीस, न झुलवता वीस. ती वाईट नसतात. पण पन्नासच्या पन्नास एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच लयीत टाकले की एक फसवणूक होते, आणि तिच्याबद्दल शास्त्राने स्पष्ट सांगून ठेवलंय. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी एक प्रयोग केला. दिवा लागला की हातातल्या टेनिसच्या चेंडूने लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने पाडायच्या. क्रम तीन प्रकारचे. एका गटाने आधी पहिला प्रकार घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार उलटसुलट मिसळून दिले. सराव चालू असताना पहिला गट वेगवान होता. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे होता. त्याआधी एक वर्ष केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेम धरून टाकायला दिल्या होत्या. काहींनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून घेतली तेव्हा ज्यांनी तीन फुटांवरून एकदाही टाकलं नव्हतं तीच मुलं सरस ठरली.

याचा भिंतीसमोरचा अर्थ सोपा आहे. अगदी पहिल्या दिवसांत, डाव्या हाताला काठी धरायचीच सवय नसताना, एकाच जागी उभं राहून घोटणं ठीक. तीन मीटरवर या, वरचा हात काठीच्या मानेजवळ न्या, तळाचा हात सोडूनच द्या आणि नुसत्या डाव्याने हळू फेकून झेला. चेंडू झोळातून कुठून सुटतो हे बोटांना कळलं की दोन्ही हात लावून पाच मीटरवर जा. पण त्यानंतर मोजत बसू नका. दोन चेंडू डाव्याने, एक उजव्याने, मग उजव्याने झेलून हात बदलून डाव्याने. एक पाऊल मागे, दोन पावलं पुढे. भिंतीच्या कडेने चालत, मग पळत. एक चेंडू मुद्दाम खाली मारायचा, म्हणजे जमिनीवरून घरंगळत आलेला उचलायची सवय होते, कारण सामन्यात निम्मी लढाई त्या घरंगळणाऱ्या चेंडूंसाठीच असते. असा सराव दिसायला विस्कळीत दिसतो, चेंडू जास्त पडतात, मन खट्टू होतं. तरी तोच धरून ठेवावा.

भिंतीच्या मर्यादाही आहेत. तिच्याकडून येणारा चेंडू आपणच फेकलेला असतो, त्यामुळे तो कुठे येणार हे सुटायच्या क्षणीच अंगाला ठाऊक असतं. सामन्यात हे कधीच ठाऊक नसतं. यावर जुना उपाय म्हणजे खडबडीत भिंत. ब्रॅडमन लहानपणी बाउरलच्या घरामागे क्रिकेटच्या स्टंपने गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर मारत बसायचे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण तो ओटा गोल होता, म्हणून चेंडू दर वेळी वेगळ्या कोनात परतायचा, हे बहुतेकदा सांगायचं राहून जातं. दगडी भिंत, दोन भिंतींचा कोपरा, गुळगुळीत सिमेंटऐवजी सांध्यांच्या विटा, या सगळ्यांत तो गुण असतो. एखादा मित्र मिळाला तर त्याला आपल्या मागे उभं करावं आणि त्याने आपल्या डोक्यावरून भिंतीवर चेंडू टाकावा. आपली नजर भिंतीवर आणि चेंडू केव्हा येणार ते माहीत नाही. पाच मिनिटांत घाम फुटतो. हाक मारणं, साथीदाराच्या डोळ्यांतला इशारा ओळखणं, पळत्या माणसाच्या पुढे चेंडू टाकणं, हे भिंत कधीच शिकवणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

दोन गोष्टी काळजीच्या. हा चेंडू भरीव आहे. चेहऱ्यावर बसला तर जखम होते, म्हणून लहान मुलांनी भिंतीसमोरही हेल्मेट किंवा डोळ्यांचं संरक्षण घालावं, आणि मागे-पुढे काच नसावी. शिवाय चेंडूही म्हातारा होतो. महिनोन् महिने विटांवर आपटून आणि धूळ खाऊन त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, कडक होतो. मग तो जाळीत धरून राहत नाही, निसटतो. अमेरिकी खेळाडू अशा चेंडूला ‘ग्रीसर’ म्हणतात. डावा हात पुन्हा बिघडला असं वाटू लागलं तर आधी चेंडू पाहावा.

आणि प्रगती मोजायची असेल तर किती झेल न पडता झाले हे मोजण्यापेक्षा एक जास्त बोलकी रीत आहे. कोरड्या भिंतीवर, उन्हाच्या वेळी, चेंडू बादलीत बुडवून घ्यायचा. भिंतीच्या एका भागावर उजव्याने वीस फेका, शेजारच्या भागावर डाव्याने वीस, दर तीन-चार फेकांनंतर चेंडू पुन्हा भिजवून. ओला चेंडू विटांवर गोल काळसर ठसे सोडतो. उजवीकडचे ठसे ताटलीएवढ्या जागेत एकमेकांवर चढलेले दिसतील. डावीकडचे दाराएवढ्या जागेत विखुरलेले असतील, काही खूप खाली, एखादा भलतीकडेच. त्यांचा एक फोटो काढून ठेवावा आणि महिन्याने त्याच भिंतीवर पुन्हा काढावा. ऊन कडक असेल तर ठसे दोन मिनिटांत उडून जातात, तेव्हा घाई करावी, आणि सुरुवात डाव्या हातापासून करावी.